उसने प्राध्यापक

दारावरची पाटी पितळेची होती आणि ती लाकडावर सपाट बसत नव्हती. खालच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढी फट राहात होती. त्याच जागी इतक्यांदा स्क्रू पिळला आणि काढला गेला होता, की नव्या स्क्रूला धरायला लाकूडच उरलं नव्हतं. सुतारकाम बघणारा बापू महाले काडेपेटीतली काडी मोडून भोकात कोंबत होता आणि तिच्यावर स्क्रू घट्ट करत होता.

"या वेळचे सर किती दिवसांचे, मॅडम?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत."

"मग दोनच स्क्रू मारतो. चार कशाला उगाच."

पाटीवर लिहिलं होतं, डॉ. श्रीनिवास ओगले, प्राध्यापक, भूलशास्त्र विभाग.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. खानदेशातल्या एका जिल्ह्याच्या गावी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय होतं आणि मी तिथं भूलशास्त्राची विभागप्रमुख होते. विभागप्रमुख म्हणजे विभागातली एकुलती एक शिक्षक. माझं पद सहयोगी प्राध्यापकाचं. प्राध्यापकाची खुर्ची मंजूर होती, पण तिच्यावर कुणी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पदव्युत्तर विद्यार्थी घ्यायचे तर ती खुर्ची भरलेली असावी लागते, असा नियम. तो पाळला जातो की नाही हे बघायला वर्षातून एकदा निरीक्षक यायचे, आणि तेवढ्या दिवसापुरतं शासन दुसऱ्या कुठल्या तरी महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला आमच्याकडे पाठवायचं. आदेश रीतसर निघायचा. पाहुणे यायचे, बसायचे, मोजले जायचे आणि परत जायचे. त्यांना आम्ही 'उसने' म्हणायचो. शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हा शब्द होता आणि त्याची लाज वाटेनाशी होऊन बराच काळ लोटला होता.

या खेपेचे उसने मात्र माझे स्वतःचे गुरू होते. मी भूल द्यायला शिकले ती ओगले सरांच्या हाताखाली.

ते दुपारच्या एस.टी.नं आले. हातात लहानशी बॅग आणि जेवणाचा स्टीलचा डबा. दाराशी थांबून त्यांनी पाटी निरखली.

"अरे वा, पितळ! मागच्या महिन्यात जिथं होतो तिथं कागदावर छापून चिकटवलं होतं मला."

"मागच्या महिन्यात कुठं होतात सर?"

"विदर्भात. त्याच्या आधी कोकणात. हल्ली बायको विचारते, आज कुठल्या गावचे तुम्ही म्हणून." ते खुर्चीत बसले आणि बूट सैल केले. "गंमत म्हणजे माझ्या स्वतःच्या कॉलेजात इन्स्पेक्शन होतं तेव्हा मी तुमच्यासारख्यांकडे होतो. माझ्या जागी दुसरा कोणी मोजून घेतला."

मी चहा सांगितला. खोलीचा निम्मा भाग खोक्यांनी भरलेला होता. सरांनी एका खोक्यावर टिचकी मारली.

"हे काय?"

"भूल देण्याची नवी यंत्रं. केंद्राच्या योजनेतून आली. पदव्युत्तर जागा वाढवायच्या म्हणून निधी आलाय."

"आणि माणसं?"

"त्या निधीत यंत्रं बसतात, इमारत बसते, फरशीसुद्धा बसते. माणसाचा पगार बसत नाही. तो राज्याचा विषय."

"आणि राज्य काय म्हणतं?"

मी स्वतः मंत्रालयात जाऊन आले होते. कक्ष अधिकारी सभ्य बाई होत्या, त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "मॅडम, तुमचं इन्स्पेक्शन तर दरवर्षी पास होतंय. जिथं नापास झालंय ती कॉलेजं आधी घ्यावी लागतात." मी म्हटलं, "आम्ही पास होतो ते तुम्ही त्या दिवशी माणूस पाठवता म्हणून." त्यावर त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तेच सांगतेय. पाठवतोच की आम्ही."

सर हसले नाहीत. चहा आला तो त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली.

"मागच्या वर्षी तू फोनवर म्हणाली होतीस, यंदा निरीक्षकाला सांगून टाकणार."

"म्हणाले होते."

"त्याच्या आदल्या वर्षीही."

"हो."

"मग?"

"तेव्हा जामसिंग पहिल्या वर्षाला होता. आता शेवटच्या आहे."

"म्हणजे तुला सोयीचं असं वर्ष यायचंच नाही," सर म्हणाले. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

जामसिंग पावरा हा आमचा एकमेव पदव्युत्तर विद्यार्थी. जागा दोन होत्या. दुसरा मुलगा चार महिन्यांत कंटाळून मोठ्या शहरात निघून गेला. पुढच्या तुकड्यांना कुणी आलंच नाही. जामसिंग सातपुड्यातला. तिथल्याच एका ग्रामीण रुग्णालयात पाच वर्षं वैद्यकीय अधिकारी म्हणून काढून, सेवेतल्या डॉक्टरांसाठी राखलेल्या जागेवर तो आला होता. त्याच्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटर होतं. टेबल होतं, वरचे दिवे होते, पण भूल देणारं कुणी नव्हतं, म्हणून दाराला कुलूप होतं. ते उघडण्यासाठी तो शिकायला आला होता, आणि हे तो अगदी साध्या शब्दांत, कुठलाही आव न आणता सांगायचा.

त्याची परीक्षा उन्हाळ्यात होती. अभ्यासक्रम सुरू करायला नुसती परवानगी पुरते. पहिली तुकडी परीक्षेला आली की मगच कायमची मान्यता द्यायची की नाही ते ठरतं. मान्यता नाकारली गेली, तर शिकलेलं कुणी काढून घेत नाही, पण पदवी तज्ज्ञाची म्हणून नोंदली जात नाही. आणि तज्ज्ञ म्हणून नोंद नसलेल्याला शासन थिएटरची किल्ली देत नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशीची मोजणी जामसिंगची होती.

तो आला, सरांच्या पाया पडायला वाकला. सरांनी त्याला मध्येच धरून खुर्चीवर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. जामसिंग न अडखळता उत्तरं देत गेला. थोड्या वेळानं सरांनी चष्मा काढला.

"कुणी शिकवलं रे तुला हे?"

"मॅडमनी."

"सगळं?"

"दुसरं कुणी नाहीच ना सर."

"उद्या असं नाही सांगायचं. उद्या म्हणायचं, ओगले सरांनी शिकवलं."

जामसिंगनं क्षणभर विचार केला. "मग सर, आज थोडं शिकवून टाका. म्हणजे उद्या खोटं बोलल्यासारखं होणार नाही."

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "बिलंदर आहे गं," आणि खरोखरच उठले. शिकवायला ठेवलेला रबरी पुतळा कोपऱ्यात होता. त्यावर त्यांनी त्याला गळा सुजलेल्या बाईत नळी कशी घालायची ते दाखवलं. झटके येणाऱ्या गरोदर बाईत असं होतं. आत सगळं फुगलेलं, श्वासाची वाट दिसतच नाही.

"इथं आपलं कौशल्य कमी पडतं," सर सांगत होते. "इथं दुसऱ्याचा हात लागतो. तू आतून बघायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून गळा असा दाबून, असा उजवीकडं सरकवायचा. मग वाट समोर येते. हे दोन जाणत्या माणसांचं काम. एकट्यानं करायला जाऊ नये."

जामसिंगनं पुतळ्याच्या गळ्यावर बोटं ठेवून बघितली. "आणि दुसरा नसला तर, सर?"

सर पुतळ्याखालचा टॉवेल नीट करत राहिले.

सकाळी सगळ्यांना सभागृहात बसवलं. नेहमीच्या शस्त्रक्रिया त्या दिवशी ठेवल्याच नव्हत्या. डीन डॉ. रवंदळे रांगारांगांतून फिरत होते, कुणाची टाय सरळ करत होते, कुणाला ओळखपत्र बाहेर काढायला लावत होते. आदल्या वर्षी काही जण सही करून पळाले होते म्हणून यंदा कडक शिस्त होती. मोजणी पुरी होईस्तोवर दार बंद आणि फोन बाहेरच्या टेबलावर टोपलीत.

मी डीनना आधीच म्हटलं होतं, "मी थिएटरमध्ये थांबते सर. माझा नंबर आला की बोलवा."

"मॅडम, मोजणीला विभागप्रमुखच गैरहजर? कसं दिसेल ते? आणि जामसिंग आहे ना तिथं. तुम्हीच म्हणता, तो तयार झालाय."

मी तसं म्हणत होते, आणि त्यात चूक काही नव्हती.

निरीक्षक डॉ. हिरेमठ बेळगावकडचे. बारीक अंगाचे, चष्म्याला काळा दोरा. दाराजवळच्या टेबलाशी बसून ते एकेक नाव वाचायचे, माणूस समोर आला की त्याच्या तोंडाकडे निवांत बघायचे, मग पेन टेकवायचे. घाई अशी नव्हतीच त्यांना. ओगले सर पहिल्या रांगेत होते. मी पाचव्या रांगेत, भिंतीकडच्या बाजूला.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. थिएटरच्या सिस्टर शालन वाघमोडे दाराशी आल्या होत्या. शिपायानं त्यांना अडवलं. "साहेबांची ऑर्डर आहे सिस्टर, कुणालाच सोडायचं नाही." त्या म्हणाल्या, सावदेकर मॅडमना, म्हणजे मला, फक्त निरोप दे. तो म्हणाला, निरोपही मोजणी झाल्यावर. त्यांनी स्वतःच्या फोनवरून माझा नंबर लावला. त्यांच्या समोरच्याच टेबलावर, टोपलीत, माझा फोन थरथरत राहिला. शेवटी त्यांनी शिपायाला खांद्यानं बाजूला सारलं आणि दार ढकललं.

"मॅडम, पावरा सरांना नळी जात नाहीये."

सभागृहात खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. मी उठले, पण माझ्या आणि वाटेच्या मध्ये गुडघे, पिशव्या, प्रमाणपत्रांच्या फायली होत्या. ओगले सर पुढंच होते. या वयात ते इतके चटकन उठतील असं वाटलं नव्हतं. दारापर्यंत ते धावत गेले आणि उंबऱ्यावर थबकले. बाहेर बोळ दोन्ही बाजूंना जात होता. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, मग मागं वळून जो माणूस सगळ्यात जवळ होता त्याला विचारलं, "थिएटर कुठल्या बाजूला?"

जवळचा माणूस हिरेमठ होते. त्यांच्या पेनाचं टोक त्या वेळी ओगले सरांच्याच नावावर टेकलेलं होतं.

डीननी डोळे मिटून घेतले.

"उजवीकडं सर, जिना उतरून," मी मागून म्हणाले, आणि आम्ही दोघं धावलो.

टेबलावरची बाई सातपुड्यातूनच आलेली होती. बायजाबाई नावाची, पहिलटकरीण, वाटेत दोनदा झटके आलेली. पोटातल्या बाळाचे ठोके मंद होत चालले होते. थांबायला वेळ नव्हता आणि रक्त गोठत नसल्यानं पाठीत सुई देता येण्यासारखी नव्हती, म्हणून जामसिंगनं पूर्ण भूल दिली होती. मीही तेच केलं असतं. भूल देण्याआधी त्यानं तिच्याशी तिच्या बोलीत दोन शब्द बोलून तिनं घट्ट धरलेला आपला हात सोडवून घेतला होता. हे मला सिस्टरनी नंतर सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा तो एका हातानं तिच्या तोंडावर मास्क दाबून धरत होता आणि दुसऱ्या हातानं पिशवी दाबून प्राणवायू देत होता. मास्कच्या कडेनं हवा निसटत होती. सिस्टर आम्हाला बोलवायला गेल्यावर त्यांच्या मदतीचा हातही गेला होता. स्त्रीरोगाची निवासी मुलगी हातमोजे घालून टेबलाच्या पलीकडं उभी होती, रडवेली. तिचे वरिष्ठही सभागृहात मोजले जात होते.

सर थेट बाईच्या उशाशी गेले, गळ्यावर बोटं ठेवली, दाबली, उजवीकडं सरकवली.

"बघ आता."

जामसिंग वाकला. "दिसलं," तो म्हणाला, आणि बारीक नळी एका झटक्यात आत गेली.

माझ्यासाठी काही कामच उरलं नव्हतं. दुसरा एक हात, एवढंच हवं होतं. मी छातीला स्टेथोस्कोप लावला, दोन्ही बाजूंना हवा जात होती. पलीकडं पोट उघडलं गेलं, मुलगी निघाली. निळी होती, पण थोड्या वेळानं कुरकुरली आणि मग रडली. कुणीतरी "रडली, रडली" म्हणालं.

मी बायजाबाईची पापणी उचलून डोळ्यात बॅटरी मारली. मग दुसऱ्या डोळ्यात. बाहुल्या मोठ्या होत्या आणि उजेड पडला तरी त्या हलल्या नाहीत. मी बॅटरी बंद केली, पुन्हा लावली, पुन्हा पाहिलं. सरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बाईच्या गळ्यावरची बोटं हळूच काढून घेतली. जामसिंग नळी चिकटपट्टीनं नीट बांधत होता. त्याला विचारायची गरज नव्हती. त्याला माझ्या आधी कळलं होतं.

बाईला अतिदक्षता विभागात यंत्रावर ठेवलं. तिचा नवरा बाहेर जमिनीवर बसलेला होता, कोवळा पोरगाच. जामसिंग त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यांच्या बोलीत सांगू लागला. मला त्यातला शब्द कळला नाही. तो पोरगा फक्त मान हलवत होता, डॉक्टर गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगताना माणसं हलवतात तशी.

डीन मला बोळात गाठायला आले. त्यांनी आधी बाईची चौकशी केली. मी सांगितलं. ते भिंतीला टेकले.

"वाईट झालं," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हिरेमठ चांगला माणूस आहे. मला म्हणाला, मी काही ऐकलं नाही. घाईत माणूस रस्ता विसरतो. फक्त विभागप्रमुखांनी एकदा तोंडानं सांगावं, की ओगले इथलेच आहेत. तेवढं झालं की तो सही करतो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर ऐका. जागा जातील. जामसिंगची पदवी लटकेल, तो कोर्टकचेऱ्या करेल आणि दमेल. तुम्हाला वाटत असेल, मग तरी सरकार जागं होईल, प्राध्यापक देईल. नाही देणार. म्हणतील, अभ्यासक्रमच नाही तर प्राध्यापक कशाला? आहे ते मंजूर पदही रद्द करतील. ही यंत्रं खोक्यांसकट दुसऱ्या कॉलेजला जातील. डोंगरातून येणारी बाई इथं थांबणारच नाही, गाडी तिला तशीच पुढं मोठ्या शहराला नेईल, आणि वाटेत काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको. आणि एवढं होऊन आजच्या बाईच्या बाबतीत काही फरक पडणार नाही."

डॉ. रवंदळे वाईट माणूस नव्हते. मुंबईच्या खेपा घालून त्यांच्या चपला माझ्याहून जास्त झिजल्या होत्या. त्यांनी त्या बोळात सांगितलेलं एकेक वाक्य पुढच्या दोन वर्षांत खरं ठरलं, एकही चुकलं नाही. आणि मला ते तेव्हाही खरंच वाटलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण मला परिणामांची कल्पना नव्हती असं अजून पुष्कळांना वाटतं.

"आणि हो म्हटलं तर?" मी विचारलं.

"तर दोनाच्या पाच जागा होतील. पुढच्या आराखड्यात तसंच धरलंय. त्याच्याशिवाय निधीचा पुढचा हप्ता सुटत नाही."

"पाच मुलं. शिकवणार कोण?"

"तुम्ही आहात की. आणि इन्स्पेक्शनला ओगले, नाहीतर कुणीतरी." ते थांबले. स्वतःचंच वाक्य त्यांना ऐकू आलं असावं. "मॅडम, मी तरी काय करू? मला वरून आकडा येतो. इतक्या जागा वाढवा. आकड्याला मी नाही कसं म्हणू?"

जामसिंग मला हात धुवायच्या नळाशी सापडला. हात धुऊन झाले होते, तरी नळ चालूच होता. मी तो बंद केला.

"मॅडम, डीन सर म्हणाले, आता तुमच्यावर आहे."

"हं."

"सांगून टाका, ओगले सर आपलेच आहेत म्हणून." तो स्वतःच्या हातांकडे बघत बोलत होता. "काल त्यांनी मला शिकवलं. आज हात दिला. एवढं तर झालंच ना. मग ते खोटं कसं?"

मी त्याला पुसायला टॉवेल दिला.

"घरी परवाच फोन झाला. बायको म्हणाली, तिकडं थिएटरच्या दारावर कुणीतरी रंग दिलाय. डॉक्टर येणार म्हणून. कुलपालाही रंग लागलाय म्हणे." तो थोडं हसला. मग टॉवेलची घडी घालू लागला. "पहिल्या वेळेला दिसलं होतं मॅडम. जरासं. तेव्हाच कुणी नुसतं बाहेरून दाबलं असतं तर..."

"जामसिंग."

"माझे हात दोनच होते."

"मला माहीत आहे."

"पुढं जी मुलं येतील ना, त्यांना हे आधी शिकवायला पाहिजे. मी येत जाईन मॅडम. महिन्यातून एकदा, सुट्टी टाकून. तुम्ही एकट्या पडणार नाही. इन्स्पेक्शनला पण बोलवा." आणि मग, मला धीर द्यावा तसा म्हणाला, "मी पण उसना येईन."

मी त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षं मी या मुलाला माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं शिकवलं होतं. बाहुल्या कशा बघायच्या, बाईशी तिच्या भाषेत का बोलायचं, घाईत हात कसा स्थिर ठेवायचा. हे उसनं येणंही तो इथंच शिकला होता आणि ते मी शिकवलं नव्हतं. या इमारतीत नुसतं राहून त्याला ते आलं होतं.

"चल," मी म्हणाले.

माझ्या खोलीत हिरेमठ आणि ओगले सर खोक्यांच्या कडेला समोरासमोर बसले होते. दोघांच्या मध्ये सरांचा स्टीलचा डबा उघडा होता आणि हिरेमठ त्यातली पोळी खात होते. मला बघून ते अर्धे उठले, मग बसले. डीन माझ्या मागून आत आले.

"बाई कशा आहेत?" हिरेमठांनी विचारलं.

"यंत्रावर आहे. यंत्र काढलं की राहणार नाही."

"आणि मूल?"

"मुलगी आहे. बरी आहे."

त्यांनी हातातला घास खाली ठेवला, रुमालानं बोटं पुसली. "मी पण अशी पुष्कळ गावं केलीत बघा मॅडम. तुमच्या ओगल्यांसारखीच. आज इथं, उद्या तिथं. मला कधी कुणी तोंडावर विचारलं नाही, म्हणून मी पण कधी सांगितलं नाही. आता मी विचारणारा झालो, म्हणून विचारतो. तुम्ही जे सांगाल ते लिहीन. त्याच्या पलीकडं मी काही ऐकलेलं नाही."

"हेमलता, माझा विचार करू नकोस," ओगले सर म्हणाले. "तू कुठलंही उत्तर दे, मी त्याला मान डोलवीन. मला सवय आहे."

डीननी खिडकीकडं तोंड फिरवलं. जामसिंग आत आला नाही, उंबऱ्यावर राहिला. वाऱ्यानं दार हलत होतं आणि दोनच स्क्रूंवरची पाटी लाकडावर खटखट वाजत होती. त्यानं हात लावून ती दाबून धरली. खटखट थांबली.

हिरेमठांनी पेनाचं टोपण काढलं. "सांगा मॅडम. ओगले सर तुमचे?"

जामसिंगकडं बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी पाहिलं. त्याचा हात पाटीवर होता आणि तो माझ्याकडं अगदी विश्वासानं बघत होता.

"नाहीत," मी म्हणाले. "सर आमचे नाहीत. इथं शिकवायला मी एकटी आहे, पहिल्यापासून. नव्या जागा देऊ नका. आणि आहेत त्या काढून घ्या."